वारेवरचे दगड

३ जून, सोमवार
गडमुडशिंगीत पोहोचले. शशिधरअण्णांच्या चांदीच्या पैंजणांच्या कारखान्यात मी नवी केमिस्ट. अंगणातच खोली मिळाली, खिडकीशी जास्वंद. अण्णांची सून शांभवी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली. सातवा महिना, तोंडभर हसू. लगेच भैरवीताई म्हणू लागली. अंगणात तीन काळे दगड ओळीनं मांडलेत. देव नसावेत, कुंकू नव्हतं.
अण्णांनी आल्या आल्या दाखला पुढे केला. पैंजणांचे सांधे जोडायच्या झाळाच्या तारेत कॅडमियम नाही, असा. तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे मी वीस वर्षं मुलांना शिकवलं. तरी केली. उद्या तपासणारच होते ना?

५ जून
तार तपासली. अठरा टक्के कॅडमियम. झाळताना पिवळट धूर निघतो, तो बायका दिवसभर ओढतात. अण्णा म्हणाले, एवढा माल जाऊ दे, मग तार बदलू. वर हसून, "तुमच्या सहीच्या भरवशावर माझी सून खाली बसती की!" शांभवी खरंच त्या बायकांत बसून घुंगरं ओवत होती. मी तिला उठवलं नाही.

२१ जून
इथं सर्वांत जुन्या तानाबाई. त्यांना दगडांचं विचारलं. म्हणाल्या, झाळणाऱ्या तीन पोरी, तिघींची लेकरं मुठीएवढी जन्मली, एकबी राहिलं न्हाय. तिसरी त्यांचीच लेक. दर वेळी दवाखान्यातून बाळंतपणाची वार मागून आणली आणि इथं पुरली, वर दगड ठेवला. वार घराच्या अंगणात पुरतात, मग इथं का?
"इख ज्याचं, अंगण त्याचं. परत केलं की, बाई." इख म्हणजे विष.
वार कॅडमियम अडवून धरते, पण सगळं नाही. हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक होतं.
अण्णाला भोगू दे, असं वाटून गेलं. लिहायला लाज वाटते.

२ जुलै
अंगणात दोनच दगड. तिसरा जिन्याच्या पहिल्या पायरीवर. वर शांभवी राहते. हात लावला — गरम.

४ जुलै
तिन्ही जिन्यावर. दगडांखालून पिवळा धूर. बर्नर बंद होते, मी स्वतः पाहिले. शांभवीला सगळं सांगितलं, माहेरी जा म्हटलं. ती हसली, म्हणाली, सही तर तुमचीच हाय की, ताई. मी म्हटलं, एकदाच चुकून केली.
खोटं. पाच जूनला पुन्हा केली. तपासल्यावर. इथं लिहिलं नव्हतं.

९ जुलै
शांभवीला कळा. आठव्यातच. अण्णा गाडीशी ढसाढसा रडत होते. मला वाईट — नाही. बरं वाटलं.

१० जुलै
बाळ गेलं. बाराशे ग्रॅम. शांभवीनं वार मागून घेतली. तानाबाईंनी तिला विचारलं, कुणाच्या दारात? अण्णा समोरच होते. तिनं बोट केलं ते माझ्या —

११ जुलै
जिना रिकामा. जुने तीन आणि एक नवा, चारही दगड माझ्या उंबऱ्यावर. दार उघडत नाही. तोंडात धातूची चव. पोटात काहीतरी हललं — चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकटीच्या —
पुन्हा. लाथ.
धूर दाराखालून येतोय. खरा दाखला लिहिते. तारेत कॅडमियम आहे. अठरा टक्के. मला माहीत होतं. सही —
भैर