नळ सोडून केलेली प्रार्थना

सावेडी,
१२ मार्च २०२५

ती. पुष्पाआत्यास,
रुपालीचा सा. सलाम वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलले की आईला सगळं कळतं. म्हणून पत्र.

आईचं तसंच आहे. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली ती गेलीच, शब्दही फुटत नाही. डाव्या हातात चमचा दिलाय. काही हवं असलं की खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवते. करण सकाळी कंपनीत जातो तो दिवेलागणीला येतो. मधल्या वेळात आम्ही दोघीच.

ईस्टरआधीच्या या उपवासकाळात रोज थोडा वेळ एकटीनं प्रभूपुढे बसायचं ठरवलं होतं. आठवडा झाला, एकदाही जमलं नाही. डोळे मिटले की चमचा. पाणी हवंय का, कूस बदलू का विचारावं, तर नाही म्हणून मान हलवते. पुन्हा बसावं, पुन्हा चमचा. शेवटी बाथरूममध्ये जाऊन दार लावते आणि नळ सोडते. बादली भरून वाहते तरी बंद करत नाही. अशी प्रार्थना पोचते का गं? रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांना विचारणार होते, धीर झाला नाही.

तुझ्या प्रार्थनेत मला धर.

तुझी,
रुपाली


पाथर्डी,
१७ मार्च

चि. रुपालीस,
आत्याचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसत. अगं, प्रार्थना कोणी ऐकेल म्हणून नळ सोडतेस? देवाला एवढं काय सांगतेस, आमच्या करण जावयाच्या तक्रारी? लहानपणी तुझी जेवणाआधीची प्रार्थना अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. इथं टँकरची वाट बघतो आम्ही. शेजारच्या राहीबाईला तुझ्या बादलीचं सांगितलं, तर ती म्हणाली की आता आमी हंडे घिऊन सावेडीलाच येतो, न्हाईतर तुमच्या पोरीला सांगा, टँकरसाठी बी जरा प्रार्थना कर.

थट्टा सोड. नळ बंद कर. ऐकेना का वहिनी! शाळेत जायच्या आधी अक्षरं आणि प्रार्थना तिच्याच मांडीवर बसून शिकलीस. मी येऊन राहिले असते, पण गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत.

वहिनीला सलाम सांग. माया सढळ असू दे, पाणी मात्र बेतानं.

तुझी,
आत्या


सावेडी,
२४ मार्च

ती. आत्यास,
सा. सलाम.

तुझा गैरसमज झालाय. तो तसाच राहू द्यावा असं वाटत होतं, पण खोटं नको. माझा आवाज आईला जाऊ नये म्हणून नळ नव्हता. तिचा चमचा मला ऐकू येऊ नये म्हणून होता. आणि आत मी प्रार्थना करतही नव्हते. दुसरी बादली पालथी घालून तिच्यावर नुसती बसायचे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नळ बंद केला. चमचा वाजतच होता. बाहेर आले तर आईचा चेहरा ओला. काय हवं विचारलं, काही नको. खाटेजवळ स्टूल ओढून बसले, ती शांत झाली. हात जोडून डोळे मिटले, की चमचा. उघडले, की शांत. पुन्हा तसंच. तेव्हा कुठे कळलं. मी डोळे मिटले तरी तिला दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

तुला आठवतं? प्रार्थनेत मी डोळे किलकिले केले की हीच आई चमच्यानं गुडघ्यावर मारायची. डोळे उघडे म्हणजे लक्ष देवाकडे नाही, म्हणायची.

आता रोज तशीच बसते. एकांत नाहीच. हिला बरं कर, एवढंच म्हणायचं असतं, पण तिच्याकडे बघत तेही पुरं म्हणवत नाही. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग कुकर लावायची वेळ होते.

तू एवढी वर्षं बालवाडीत मुलांना प्रार्थना शिकवलीस. डोळे उघडे ठेवून केलेली चालते का, तेवढं कळव.

राहीबाईंना सांग, नळ बंद आहे.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी,
रुपाली