निळं पातेलं झेलिगला, वही तिर्झाला

माझ्या हातांनी केलेलं आधी मांडतो: बावीस माणसांचं अक्रोडाच्या लाकडाचं टेबल, एकही खिळा न मारता, मांसाच्या आणि दुधाच्या भांड्यांची दोन कपाटं, मुठी वेगवेगळ्या, म्हणजे आंधळ्याचाही हात चुकू नये, आणि सणावाराच्या व रोजच्या स्वयंपाकाची एकशे चौदा पानी वही, प्रत्येक माप तीनदा करून पाहिलेलं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही.

मी, नाहूम पर्लस्टाइन, वय त्रेपन्न, राहणार विनिपेग, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहितो. आमचे वडील बावन्नाव्या वर्षी, कोंबडीच्या चरबीत तळलेल्या पदार्थांचं ताट समोर असताना, हृदयविकाराने गेले. मागच्या गुरुवारी डॉक्टरीणबाई माझा अहवाल पाहून म्हणाल्या, "रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. खाता तरी काय हो?" वर्षभराचा दगड छातीवरून उतरला. म्हणूनच आता निवांतपणे लिहायला बसलो.

कलम १. घर आणि शिल्लक पत्नी ब्लूमा हिची. टेबलही तिचंच. गरम भांडं थेट ठेवू नये.

कलम २. सुऱ्या आणि वही मुलगी तिर्झा हिला. बटाट्याचे वडे तळायचे नाहीत, भट्टीत भाजायचे. कीस दोनदा पिळायचा. "एकदा पिळला तरी चालतं, बाबा," असं ती म्हणते. चालत नाही.

कलम ३. निळं इनॅमलचं पातेलं धाकटा भाऊ झेलिग याला. कारण नोंदवतो. सहा वर्षांपूर्वी, आम्हा ज्यूंच्या नववर्षाचा सण लागायला तीन तास असताना, सदर पातेल्यात कोंबडीचं सूप उकळत होतं. वरची चरबी मी काढून टाकली होती. झेलिगने चव घेतली.

"दादा, हे सूप नाही, इस्पितळातलं पाणी आहे. बाबा असते तर ताटावरून उठले असते."

माझी पाठ वळताच त्याने चरबी समजून मोठा चमचाभर लोणी आत सोडलं. मांसात लोणी! आमच्या धर्मात मांस आणि दूधदुभतं एका भांड्यात चालत नाही. रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, फोन केला. ते म्हणाले, "सूप गेलं, नाहूम. इनॅमल आहे? ते पुन्हा शुद्ध करता येत नाही, मग पातेलंही गेलं." आईचं पातेलं होतं ते.

त्या रात्री पाहुण्यांनी मासा, भाजलेली गाजरं, बीट आणि मसूर खाल्ले. जेवणानंतर जड झालं म्हणून एकानेही पट्टा सैल केला नाही. झेलिगने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "गाजरात काय घातलंस रे?"

"काही नाही."

"मग ते काही नाही लिहून दे."

वहीचं पहिलं पान ते. कपाटांच्या मुठीही त्यानंतरच्याच. पातेल्यात आता शेपू लावला आहे.

अट एकच होती: झेलिगने आधी हृदय तपासून घ्यावं, तोही एकोणपन्नासचा झाला. आज सकाळी त्याचा फोन आला, "बुधवारची वेळ घेतली, दादा. आता तरी मरायचं बंद कर." अट रद्द. लोणी माफ. पातेलं त्याने आजच न्यावं, शेपूसकट.

सही: नाहूम पर्लस्टाइन
साक्षीदार: रब्बी पिन्खस वाइसफेल्ड, ओक्साना ह्रित्साक, शेजारीण
विनिपेग, ३ नोव्हेंबर २०१९

साक्षीदारांसमक्ष पुरवणी. रब्बी म्हणतात, "ते गिऱ्हाईकही लिही, नाहीतर पोरीला वाटेल वही फुकटची." तर लिहितो: तयार जेवण विकणारी एक कंपनी माझ्या नावासकट वही मागत होती. गाजरांत साखर आणि सुपात चरबी परत घालायची, एवढीच त्यांची अट. मी नाही म्हटलं. रक्कम: अठ्ठ्याऐंशी हजार डॉलर.