बाटलीचा वेगळा कप्पा

प्रिय वहिनी,

आज धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांपुढे माझं भाषण झालं. आपण दोघींनी दप्तरं शिवायला सुरुवात कशी केली, ते सांगून त्यांना चार सल्ले द्यायचे होते. मी म्हटलं, "गिऱ्हाइकाची तक्रार म्हणजे फुकटची शिकवणी." टाळ्या पडल्या. वाक्य तुझं, हे ठाऊक असूनही मी पुढे बोलत राहिले.

मग एकीनं विचारलं, "दप्तराला बाटलीचा वेगळा कप्पा, ही कल्पना कोणाची?"

वह्या भिजल्या म्हणून भांडायला आलेल्या बाईंना तू बसवून घेतलंस आणि त्यांच्यादेखत तो कप्पा शिवलास. मी तेव्हा आतल्या खोलीत लपले होते. तरी माझ्या तोंडून निघालं, "माझीच."

खाली उतरले तर दाराशी तुझी लेक उभी. मला न सांगताच ऐकायला आली होती. "छान बोललीस, आत्या," एवढंच म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

संध्याकाळी तुझा फोन आला. "अगं, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस म्हणे! लेक सांगत होती. कशाला गं उगाच?" तुझा आवाज भरून आला होता.

मी म्हटलं, "घ्यायलाच हवं होतं."

तेवढंच खरं बोलले. पोरीनं तुझ्यासाठी खोटं सांगितलं. हे पत्र पाठवलं, तर ते तिचं खोटंही मीच उघडं पाडीन.

तुझी,
तोंड लपवणारी नणंद