पावाच्या गाडीतला पलंग

प्रिय खारू,

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर जरा थांब, हे आईबद्दल आहे. ती तुला फोनवर पाठ दुखते म्हणून सांगत असेल, पण ती नुसती पाठदुखी नाही. आजार मणक्यात उतरला आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कुणाला भेटायचं असेल तर या दोन महिन्यांत भेटून घ्या. पंधरा मिनिटांवर तिला बसवत नाही, त्यामुळे रेल्वे नाही की बस नाही. मी म्हटलं, पोरीला बोलावून घेऊ. त्यावर तुझी आई म्हणाली, "तिला या दारात पुन्हा उभं करायचं नाही. आपण जायचं." तिचा तो आवाज तुला माहीत आहे.

म्हणून मी बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली, पाव पोचवायची. तिच्यात आईला आडवं नेता येईल असं छोटं घरच करायचं ठरवलं. ट्रे ठेवायचे लोखंडी कप्पे उपटून टाकले, तीनदा धुतली, तरी आत शिरलं की अजून भूक लागते. मला वाटलं होतं, आयुष्यभर लोकांची कपाटं आणि दारं केली, ही एवढीशी गाडी म्हणजे आठवड्याचं काम. गाडीने माझी चांगलीच जिरवली. आत काटकोन औषधालाही नाही. भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या, प्लायवूड कुठे टेकेना. शेवटी पुठ्ठे कापून साचे केले, तू शाळेत नकाशे कापायचीस तसे. खिडकी मात्र आईच्या हुकमाने पलंगाच्या उंचीवर आली. छत बघत झोपायला घर आहेच, म्हणाली. पत्रा कापायची मला सवय नाही. समोरचा वेल्डर करवत मागत होता, मी दिली नाही.

आणि मग मी अशी चूक केली, की शिकाऊ पोराने केली असती तर त्याला घरी पाठवला असता. पलंग, ओटा, औषधांची फळी, सगळं पाणसळ लावून बसवलं. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला की काम सरळ, हे माझ्या हाडात भिनलेलं. पण गाडी उभी होती आपल्या कारखान्याच्या अंगणात, तोंड चढाकडे करून. त्या अंगणाला पाणी वाहून जावं म्हणून उतार मीच ठेवून घेतला होता, तेच विसरलो. सपाट रस्त्यावर आईला झोपवून पाहिलं तर तिचं डोकं खाली, पाय वर, आणि औषधाच्या बाटल्या एका कोपऱ्यात गोळा. मी कपाळाला हात लावला. तुझी आई मात्र हसत सुटली. दुखत होतं, तरी हसत होती. म्हणाली, लोकांच्या भिंतींना जन्मभर नावं ठेवलीत, आता बोला. कित्येक महिन्यांनी तिला हसताना ऐकलं, म्हणून मी दोन दिवस पलंग तसाच ठेवला. मग सगळं उखडून गाडीच्या तळापासून मापं घेतली आणि पुन्हा बसवलं.

काम करताना तू फार आठवलीस. माझ्या बाकाखाली बसून लाकडाचे तुकडे फ्रॉकच्या खिशात भरायचीस, त्यावरून तर खारू. आणखी एक सांगतो. रविवारी दहाला तुझा फोन येतो हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात माझं काहीच काम नसतं. मी तिथे तासभर बसून राहतो आणि परत येताना फाटकाची कडी जोरात वाजवतो. मग घरात शिरलो की आई भाजी चिरत असते, आणि तिचा चेहरा बराच वेळ चांगला असतो.

हे पत्र लिहितोय ते तिला माहीत नाही. तिला तुझ्या दारात एकदम जाऊन उभं राहायचं आहे, पण मी बरोबर असणार हे तुला आधी कळायला हवं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून तू एक बॅग घेऊन आलीस, तेव्हा मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणालो, "इथे तुला जागा नाही." चार खोल्यांचं घर होतं, खारू. लोक काय म्हणतील, एवढीच भीती होती. ते लोक कोण, हे आज मला आठवतही नाही. चुकलो मी. माफ कर असं लिहायला घेतलं की पेन्सिल थांबते, कारण मागायचा हक्क वाटत नाही. पुढच्या गुरुवारी निघतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी तुझ्या घरासमोर लागेल. मी गाडीत असणंही नको असेल तर या रविवारी आईला सांग, पत्राचं तिला कळलं तरी चालेल, मी दुसरा कुणी ड्रायव्हर बघेन. मी खाली उतरणार नाही, हाकही मारणार नाही. मागचं दार उघडून तू आत जा. पलंग दोघींना झोपता येईल एवढा रुंद केला आहे, त्यामुळे मागे माझ्यासाठी जागा उरलेली नाही. मी पुढे, स्टिअरिंगपाशी बसून राहीन. तुम्ही दोघी हवं तेवढं बोला.

तुझाच,
बाबा