उरलेला रोडगा

प्रिय कुसुम,

तू असताना तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. तू चुलीपाशी असायचीस, हाक मारली की झालं. आज लिहितोय, कारण काल आपण दर पौषातल्या महादेवाच्या मुक्कामाहून परत आलो. 'आपण' लिहून गेलो बघ. मी, सचिन आणि सूनबाई परत आलो.

तू गेल्यावरचा हा पहिलाच मुक्काम. कळंबच्या पुढचं नदीकाठचं तेच जुनं हेमाडपंती देऊळ, तेच चिंचेचं झाड. आपण बैलगाडीला ताडपत्री बांधून झोपायचो, आठवतं? सचिनने नागपूरहून तंबू आणला होता. छत्रीसारखा उघडतो. पण लावला असा, की झोपताना पाय देवळाकडे यावेत.

"काहून रे, महादेवाकडं पाय करून झोपतं काय?"

हे तुझं बोलणं माझ्या तोंडून निघालं. दोघं हसली, तंबू फिरवला.

रोडग्यांची कणीक मी मळली. हात रिकामे नको होते. ओवा किती घालायचा, हे सांगून जायला काय झालं होतं तुला? गोवऱ्यांच्या राखेतून रोडगे काढले, पहिला महादेवाला ठेवला, मग ज्याचा त्याला दिला. एक उरला. तुला धरूनच गोळे केले होते मी.

मुक्कामाचं अन्न घरी न्यायचं नाही, हा तुझाच कायदा. पोटं तर सगळ्यांची भरलेली.

"गाईले देऊन देऊ," सचिन म्हणाला. मग हळूच म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी चिखलदऱ्याले जाऊ. इथं तुमी कालपासून बोलूनच नाही राह्यले."

काळजीनंच बोलला पोरगा. पण तुझी खाट माळ्यावर गेली, साड्या तुझ्या बहिणींनी नेल्या. आता हा मुक्कामही सुटला तर तुझ्याजवळ बसायला मी कुठे जाऊ? मी काडीनं राख उकरत बसलो.

सूनबाईनं तो रोडगा उचलला. खालून करपला होता.

"आई जळकाच घ्यायच्या ना?" म्हणाली, आणि फोडून तिघांच्या पानांत वाढला. वर तूप सोडलं. तिनं पाहून ठेवलं होतं तुला. मला वाटायचं, ते फक्त मलाच माहीत आहे.

सचिन मान खाली घालून खात होता. शेवटचा घास गिळून म्हणाला, "पुढच्या वर्षी कणीक जरा कमी घ्या, बाबा. जास्त होते."

चिखलदऱ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

कुसुम, पुढच्या पौषात, देवानं धडधाकट ठेवलं तर, मी त्याच चिंचेखाली असेन. पोरं आली तर त्यांच्यासोबत, नाही तर एकटा. कणीक मात्र कमी घेणार नाही.

तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस, म्हणून तुझ्याच शब्दांत,

सचिनचे बाबा