कुंकवाचा लाल आणि प्रभावळीभोवतीचा चौकोन

६ एप्रिल, सोमवार
पूजा, पोथीचा एक अध्याय. सूनबाई पल्लवी चित्र घेऊन बसली ती पोळ्यांनाही उठली नाही. आमच्या भजनी मंडळाचा कापडी फलक, तिचं हे पहिलंच काम. अमावस्येला वज्रेश्वरीच्या यात्रेत भजनाला बसू तेव्हा मागे लागायचा. कॉम्प्युटरवर रेघारेघांनी देवी काढली आहे, कितीही मोठी करा, फाटत नाही म्हणते. मुखामागची प्रभावळ आरपार, तिच्यातून मागची कमळं धूसर दिसतात. आपोआप हात जोडले गेले.
जेवताना हे पल्लवीला म्हणाले, "पूर्ण्याच्या गोदामातून नोकरीचा फोन होता तुला. शनिवारपर्यंत हो-नाही कळव."
पल्लवी : "फलक चांगला झाला तर घरूनच काम करीन. बिघडला तर जाते शिफ्टला."
तिला गोदामात जायचं नाहीये. मलाही तिने जायला नको... असो.

८ एप्रिल, बुधवार
फलक आला. ओट्यावर उलगडला. प्रभावळीभोवती पांढरा चौकोन, आणि कुंकू विटेच्या रंगाचं. मंडळाच्या सुमनताई म्हणाल्या, "देवी काय खिडकीत बसली हाय का गं?" सगळ्या हसल्या. पल्लवीही हसली. मग मोरीत बराच वेळ नळ सुरू. पाणी वाया जात होतं, तरी हाक मारली नाही.
यांनी तो फलक स्कूटर झाकायला मागितला. म्हटलं, "अहो, देवीचं मुख आहे त्यावर." घडी करून देवघराखाली ठेवला. टाकता येत नाही, वापरता येत नाही.

९ एप्रिल, गुरुवार
दोघी छपाईवाल्या इम्रानभाईंकडे. पल्लवीने घरी बसून कारण शोधलं होतं. तिने घेतलेला लाल म्हणजे तयार डब्यातली खास शाई. इम्रानभाईंचं मशीन तर चारच शाया मिसळून सगळे रंग करतं. त्या लालावर प्रभावळीचा आरपार थर आला की मशीन गोंधळतं आणि चौकोन पडतो. आता सगळे रंग चार शायांत बदलायचे, प्रभावळ आणि तिच्यामागची कमळं मिळून एकच चित्र करायचं, अक्षरं मात्र वेगळी ठेवायची म्हणजे रेखीव राहतात. कुंकवाचं मात्र तिला सांगता येईना. इम्रानभाई म्हणाले, "स्क्रीन पे रोशनी है चाची, कपडे पे स्याही. फरक तो आएगा. एक पूरा निकालके देखते हैं."
म्हटलं, "पूरा नको. बिघडला तर आणखी एक मुख देवघराखाली? जागा नाही भाऊ. नुसता प्रभावळीचा कोपरा काढा, आणि लालाचे पाच-सहा ठिपके. मुख नको त्यात."
पल्लवी : "मी हेच म्हणणार होते, आई."
"मग म्हणायचं ना."

१० एप्रिल, शुक्रवार
नमुन्याची पट्टी आली. चौकोन गेला! पल्लवीने मला धरून गिरकीच घेतली. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाचा लगदा. सगळ्यांनी गुपचूप खाल्लं.
संध्याकाळी लाइट गेली. समईशी पट्टी धरली, शेजारी कुंकवाची डबी. चौथा ठिपका हुबेहूब. पल्लवीने लगेच फोन करून सांगितलं, चौथा, छापा.

११ एप्रिल, शनिवार
सकाळी तुळशीला पाणी घालताना पट्टी उन्हात पाहिली. चौथा राणी रंगाचा! तळव्यावर कुंकू घेऊन पुन्हा पाहिलं, तेच. यात्रेत फलक उघड्यावर, दिवसा लागणार, आणि मी रंग ठरवला समईत. पायात चप्पल न घालता पल्लवीला हाक मारायला धावले.
इम्रानभाई फोनवर : "लाइट रातभर कहाँ थी चाची? अभी लगाया ही नहीं."
लाइट गेल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. उन्हात दुसरा ठिपका जुळला. तोच सांगितला.
हे म्हणाले, "समईच्या उजेडात साडीसुद्धा घेत नाहीस तू."
गोदामातून फोन. पल्लवीने शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली.
उरलेली पट्टी मसाल्याच्या फळीवर अंथरली. मुख नाही, चालतं.

१३ एप्रिल, सोमवार. एकादशी
फलक आला. सुमनताईंनी आधी नमस्कार केला, मग खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षरं जरा मोठी पायजे व्हती." म्हणजे आवडला.
साबुदाणा छान मोकळा झाला.

१७ एप्रिल, शुक्रवार. अमावस्या
सकाळच्या एसटीने वज्रेश्वरी. फलक दोन बांबूंना बांधला. ऊन प्रभावळीवर आलं तेव्हा माझा टाळ चुकला. भजन रंगात असताना एक म्हातारी पुढे आली, डबीतून चिमूट घेतली आणि फलकावरच्या देवीला कुंकू लावून गेली. तिचं पाहून आणखी बायका. दुसऱ्या गावच्या मंडळाची एक विचारत होती, हे कुणी केलं. सुमनताईंनी ऐटीत बोट दाखवलं, "आमची सून हाय."
निघताना आम्ही दोघी फलक उतरवत होतो. म्हटलं, लावलेलं कुंकू आधी पुसून घेऊ, डाग राहील. कपाळावर खरं कुठलं आणि छापलेलं कुठलं, दोघींना कळेना.
तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. गोदामाचा. तिच्या दोन्ही हातांत फलकाची टोकं होती.
म्हणाली, "वाजू दे. आई, आधी घडी घालू."