सुजलेल्या पायाची खरी गोष्ट

हर्षाची माय,

तू धानाच्या रोवण्यावरून येशील तेव्हा मी घरी नसन. पुतण्या अतुल मले ऑटोनं भंडाऱ्याले भरती कराले नेऊन राहिला. भात झाकून ठेवला आहे. आधी जेव, मंग पुढचं वाच.

बोडीच्या पाण्यातल्या मगराएवढ्या मरळ मासोळीनं शेपूट मारली म्हणून पाय सुजला, असं मी साऱ्या सिहोऱ्याले सांगत फिरलो. तू रोज तेल गरम करून तो पाय चोळला. खरं तर तिथं शिरेत रक्ताची गाठ झाली होती. काल डॉक्टरले विचारलं, "बसल्याबसल्या रक्त कायले गोठते जी?" तो म्हणाला, "पोटात कॅन्सर आहे बाबा, त्यानं गोठून राहिलं." यकृतभर पसरला आहे. रक्त पातळ कराची सुई देतील, पण कॅन्सरवर आता काही उपाय नाही.

तुह्या चोळण्यानं हे झालं नाही. मी दोनदा खोदून विचारलं. पण यापुढं कोणाचा एकच पाय असा सुजला तर चोळू नको, आधी दवाखान्यात दाखव. गाठ सुटून छातीत गेली तर माणूस जागीच जाते.

काल दवाखान्यातून सरळ तुह्याकडे बांधावर आलो होतो, हेच सांगाले. तू चिखलातूनच ओरडली, "आज कोणती थाप आणली जी?" मंग सांगून टाकली एक. बाया हसल्या, तू तर पोट धरून हसली. एवढी हसून राहिली होती तू, मले खरं बोलता आलं नाही.